हजार डोळ्यांचा वाटाड्या

अनोळखी मुलखातून जाणाऱ्या माणसाला पूर्वी वाटाड्याची गरज लागे. सह्याद्रीतील घाटवाट उतरताना, रानातून किल्ल्यावर चढताना किंवा नदीचा उतार शोधताना गावातला एखादा जाणता माणूस बरोबर घेतल्यावाचून प्रवासी सहसा पाऊल टाकीत नसे. हा वाटाड्या केवळ वाट दाखवीत नसे. कोणत्या ओढ्याला अचानक पाणी चढते, कोणत्या खिंडीत दरड कोसळते, कोणाच्या बांधावरून गेलेले चालते आणि कोणाच्या अंगणातून गेलेले चालत नाही, हे सारे त्याला ठाऊक असे. त्याचे ज्ञान थोडे होते, पण ते त्याच्या स्वतःच्या मुलखाचे होते. चार-पाच कोस गेल्यावर तो रामराम करून मागे फिरे आणि प्रवाशाला पुढे दुसरा वाटाड्या शोधावा लागे.

आता ते काम खिशातला मोबाइल करतो. गावाचे नाव सांगावे, की तो नकाशा उघडतो, त्यावर निळी रेघ ओढतो, 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' असे स्पष्ट शब्दांत सांगतो, आणि पुढे वाहने तुंबली असतील तर आधीच दुसरी वाट सुचवितो. पाच कोसांची मर्यादा त्याला नाही. नागपूर काय आणि न्यूयॉर्क काय, त्याला दोन्ही सारखीच. एवढे सारे ज्ञान त्याला मिळते तरी कोठून, हा प्रश्न मात्र त्याचा रोज उपयोग करणाऱ्यांपैकीही फार थोड्यांच्या मनात येतो.

पुष्कळांची अशी समजूत असते की, आकाशातील उपग्रह वरून रस्त्यावरची गर्दी पाहतात आणि खाली कळवितात. ही समजूत खरी नव्हे. ते उपग्रह फक्त वेळेचे संदेश पाठवीत असतात. निरनिराळ्या उपग्रहांचे संदेश येऊन पोचायला किती वेळ लागला, यावरून मोबाइल स्वतःची जागा हिशेबाने काढतो. गर्दीची वार्ता देतात ते प्रवासीच. नकाशा पाहत चाललेल्या माणसाचा मोबाइल 'येथे आहे, इतक्या वेगाने चाललो आहे' असे कंपनीच्या संगणकाला सतत कळवीत राहतो. एखाद्या हमरस्त्यावर बरेच मोबाइल गोगलगाईच्या गतीने सरकताना आढळले, की तेथे वाहने तुंबली आहेत असे संगणक मानतो आणि नकाशावरचा तो रस्ता लाल होतो. मोकळ्या रस्त्याचा रंग हिरवा किंवा निळा राहतो. म्हणजे येथे प्रत्येक प्रवासी एकाच वेळी वाट विचारणाराही असतो आणि वाट सांगणाराही. लाखो माणसांच्या छोट्या छोट्या वार्ता एकत्र गोळा करून हा वाटाड्या उभा राहिलेला आहे.

नकाशा लोकांनी मिळून तयार करावा, या विचाराला इस्रायल देशात विशेष बळ मिळाले. तेथे एहुद शब्ताई या संगणकतज्ज्ञाने २००६ मध्ये 'फ्रीमॅप इस्रायल' नावाचा उपक्रम सुरू केला. विकतच्या नकाशात चूक आढळली तरी वापरणाऱ्याला ती दुरुस्त करता येत नसे. म्हणून लोकांनी आपापल्या प्रवासातून स्वतःचा नकाशा घडवावा, अशी त्यामागची कल्पना होती. २००८ मध्ये या उपक्रमाची कंपनी झाली आणि पुढे तिला 'वेझ' हे नाव मिळाले. अपघात, खड्डा, बंद रस्ता अशा गोष्टी प्रवाशांनी स्वतः कळवाव्या, ही 'वेझ'ची खास पद्धत. २०१३ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. गूगलचा स्वतःचा नकाशा २००५ पासून चालू होताच, आणि २००९ पासून तोही प्रवाशांच्या मोबाइलवरून रहदारीचा अंदाज बांधू लागला होता.

या वाटाड्याने केलेले उपकार कमी नाहीत. परगावी रात्री उतरलेल्या माणसाला आता कोणावर विश्वास ठेवावा याची काळजी करीत चौकात उभे राहावे लागत नाही. नव्यानेच शहरात आलेल्या रिक्षाचालकाला पहिल्या दिवसापासून पोट भरता येते. रुग्णाला घेऊन निघालेल्याला कोणत्या रस्त्याने इस्पितळ लवकर गाठता येईल हे कळते. भारतात मोटारींपेक्षा दुचाकी वाहने कितीतरी अधिक आहेत, हे लक्षात घेऊन गूगलने २०१७ च्या डिसेंबरात दुचाकींसाठी वेगळा मार्ग दाखविण्याची सोय प्रथम भारतातच सुरू केली. अशा साधनाला नावे ठेवून जुन्या काळाचे गोडवे गाणे म्हणजे विजेच्या दिव्याखाली बसून समईची स्तुती करण्यासारखे होईल.

तथापि हा वाटाड्या पाहतो कोणाच्या डोळ्यांनी, हे नीट तपासले पाहिजे. बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट नावाच्या एका कलावंताने केलेला प्रयोग या बाबतीत मोठा उद्बोधक आहे. त्याने एका लहानशा लाल हातगाडीत नव्याण्णव मोबाइल भरले, त्या सर्वांवर नकाशा चालू ठेवला, आणि ती गाडी ओढीत तो मोकळ्या रस्त्यांवरून संथपणे चालू लागला. संगणकाला वाटले, नव्याण्णव मोटारी तेथे अडकून पडल्या आहेत! रिकामा रस्ता नकाशावर लाल झाला. २०२० च्या फेब्रुवारीत त्याने हा प्रयोग जगापुढे मांडला, तेव्हा लोक हसले. परंतु त्यात हसण्यापलीकडचेही काही आहे. या वाटाड्याला रस्ता दिसत नाही, माणसेही दिसत नाहीत. त्याला फक्त चालणारे मोबाइल दिसतात. त्याचे हजारो डोळे आहेत हे खरे, पण ते सारे वाटसरूंचे डोळे आहेत. त्या वाटेच्या कडेला ज्यांचे घर आहे, त्यांचा त्यात एकही डोळा नाही.

या उणिवेची किंमत महाराष्ट्रात एका माणसाला प्राणांनी मोजावी लागली. २०२१ च्या जानेवारीत पुण्याकडून कळसूबाईच्या वाटेने निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यातील कोतूळ गावाजवळ आली. तेथला पूल धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. कोतूळच्या कोणाही रहिवाशाला, अगदी शाळेत जाणाऱ्या पोरालाही, ही गोष्ट ठाऊक होती; कारण दरवर्षी काही महिने तो पूल पाण्याखालीच असतो. नकाशात मात्र पूल होता, रस्ता होता आणि गावाकडे जाणारी रेघ होती. अंधारात मोटार सरळ पाण्यात गेली. आतले दोघे कसेबसे वाचले. मोटार चालविणारा बुडाला.

हे ज्ञान नकाशापर्यंत का पोचले नाही, याचा विचार केला तर कारण अगदी साधे आहे. कोतूळचा माणूस कोतूळमध्ये हिंडताना नकाशा उघडत नाही. त्याला त्याची गरजच नसते. ज्याला वाट सर्वांत चांगली ठाऊक, तोच या यंत्राशी बोलत नाही. आणि जो बोलतो तो बहुधा परका असतो. शिवाय जो रस्ता बंद असतो त्यावरून कोणाचा मोबाइल जातच नाही, आणि जेथे मोबाइल नाहीत तेथे गर्दीही नाही. यंत्राच्या हिशेबी मोकळा रस्ता आणि बुडालेला रस्ता यांत काही फरक उरत नाही, तो असा.

उत्तर प्रदेशातही असेच घडले. २०२४ च्या नोव्हेंबरात बरेली आणि बदायूँ या जिल्ह्यांच्या हद्दीवर रामगंगा नदीच्या पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि तिघे मृत्युमुखी पडले. पुराने पुलाचा काही भाग पूर्वीच वाहून गेलेला होता. नकाशाला ते ठाऊक नव्हते, आणि पुलाच्या तोंडाशी वाहने अडविण्याचा पक्का बंदोबस्तही नव्हता. अशा वेळी सारा दोष यंत्रावर ढकलून मोकळे होणे सोयीचे असते. परंतु तुटलेल्या पुलाच्या अलीकडे मजबूत अडथळा उभारणे हे काम यंत्राच्या आधीपासून माणसांकडे सोपविलेले आहे, आणि ते अद्याप माणसांकडेच आहे. नकाशाच्या भरवशावर गावाबाहेरची पाटी लावायचे राहून गेले, तर त्याला नकाशाची चूक म्हणता येणार नाही.

येथवर प्रश्न ज्ञानाचा होता. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि तो न्यायाचा आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात लिओनिया नावाचे एक लहानसे गाव आहे. लोकवस्ती सुमारे नऊ हजार. न्यूयॉर्ककडे नेणारा जॉर्ज वॉशिंग्टन पूल तेथून जवळच आहे, आणि जगातील अत्यंत गजबजलेल्या पुलांमध्ये त्याची गणना होते. पुलाकडे जाणारा हमरस्ता तुंबला, की मोबाइलमधला वाटाड्या मोटारींना लिओनियाच्या गल्लीबोळांतून काढू लागला. प्रत्येक मोटारीची काही मिनिटे वाचत होती. पण ज्या गल्ल्यांतून मुले शाळेत जात, म्हातारी माणसे फिरायला निघत, तेथे सकाळ-संध्याकाळ वाहनांची रांग लागू लागली. घराच्या फाटकातून स्वतःची गाडी बाहेर काढणेही रहिवाशांना कठीण होऊन बसले.

शेवटी गावाने कडक उपाय योजला. २०१८ च्या जानेवारीपासून गर्दीच्या वेळी सुमारे साठ रस्ते बाहेरच्या वाहनांना बंद करण्यात आले. रहिवाशांना गाडीत लावण्यासाठी पिवळी खूणपट्टी मिळाली, आणि नियम मोडणाऱ्याला दोनशे डॉलर दंड ठरला. बाहेरच्या लोकांनी यावर मोठी ओरड केली. गावातल्या दुकानदारांनीही केली, कारण गिऱ्हाईक येईनासे झाले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने गावाचा नियम रद्द ठरविला.

गावाचे दुःख खरे होते, पण त्याचा उपाय बरोबर नव्हता. रस्ता सर्वांच्या पैशांतून होतो; त्यावर 'आमचे' आणि 'परके' असा भेद एकदा सुरू झाला, तर प्रत्येक गाव आपली वेस बंद करील आणि शेवटी कोणालाच कोठे जाता येणार नाही. मात्र रस्ता सर्वांचा आहे, याचा अर्थ तो फक्त मोटारीत बसलेल्यांचा आहे असा होत नाही. पुण्याच्या पेठांतील एखादी अरुंद गल्ली डोळ्यांपुढे आणावी. तेथे मुले विटांचा यष्टी करून क्रिकेट खेळतात, कोणी कट्ट्यावर गप्पा मारीत बसतो, शाळेचा घोळका रमतगमत जातो. या सर्वांनाही रस्त्याचा उपयोग आहे. पण यांपैकी कोणाचाही उपयोग मिनिटांत मोजता येत नाही, म्हणून तो यंत्राच्या हिशेबात येत नाही. मोटारीची चार मिनिटे वाचली, एवढे नकाशा सांगतो. त्या गल्लीतला खेळ बंद पडला, हे तो सांगत नाही. कारण त्याला ते कोणी सांगितलेलेच नाही.

कोणी म्हणेल, गल्लीतल्या मुलांचा खेळ बुडाला तरी शेकडो प्रवाशांचा वेळ तर वाचतो ना? हाही हिशेब नेहमी खरा ठरत नाही. इंग्लंडमधील जॉन वॉर्ड्रॉप या अभ्यासकाने १९५२ मध्ये असे दाखविले की, प्रत्येकाने स्वतःपुरता सर्वांत जवळचा मार्ग निवडणे ही एक गोष्ट, आणि सर्वांचा मिळून कमीत कमी वेळ जाणे ही दुसरी गोष्ट. या दोन्ही एक असतातच असे नाही. १९६८ मध्ये डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने तर त्याही पुढचे चमत्कारिक वाटणारे सत्य सिद्ध केले: रस्त्यांच्या जाळ्यात एक नवी आडवाट जोडल्याने कधी कधी सर्वांचाच प्रवास लांबतो!

हे खरे कसे असू शकते, ते साध्या अंकगणितानेही पडताळून पाहता येते. समजा, एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यास दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गावर आधी एक अरुंद पूल आहे आणि मग रुंद रस्ता. दुसऱ्यावर आधी रुंद रस्ता आणि मग अरुंद पूल. रुंद रस्त्याला कितीही वाहने असली तरी ३५ मिनिटे लागतात. अरुंद पुलाला मात्र दर १० वाहनांमागे एक मिनिट लागते. एकूण ३०० वाहने निघाली आणि निम्मी निम्मी वाटली गेली, तर पुलावर १५ आणि रस्त्यावर ३५, अशी प्रत्येकाला ५० मिनिटे लागतील. आता पहिल्या पुलाच्या शेवटापासून दुसऱ्या पुलाच्या सुरुवातीपर्यंत कोणीतरी एक अगदी आखूड बोळ शोधून काढला. एकट्या मोटारीने तिकडून जायचे ठरविले, तर तिला पूल, बोळ आणि पूल मिळून जेमतेम ३० मिनिटे लागतात. वाटाड्या आनंदाने तिला तो बोळ दाखवितो. मग दुसरीला, मग तिसरीला, आणि अखेर सर्वच ३०० वाहने दोन्ही पुलांवर येतात. आता प्रत्येक पुलाला ३० मिनिटे, म्हणजे प्रत्येकाला ६० मिनिटे. कोणी एकट्याने रुंद रस्त्याकडे वळावे तर त्याला ६५ लागतात, म्हणून कोणी वळतही नाही. बोळ सापडला आणि प्रत्येकाची १० मिनिटे बुडाली!

प्रत्यक्षातील शहर या उदाहरणाइतके सरळ नसते, आणि पुष्कळदा आडवाटेने खरोखरच वेळ वाचतो. पण जेव्हा रस्त्यावर मोजकेच लोक वाटाड्याला विचारीत होते, तेव्हा त्याचा सल्ला निरुपद्रवी होता. जेव्हा बहुतेक सारे त्यालाच विचारू लागतात, तेव्हा त्याचा सल्ला हा सल्ला राहत नाही. शहरातील रहदारी कोणीकडून न्यायची याचा तो हुकूमच होऊन बसतो. चौकातील पोलिसाला असा अधिकार दिला तर त्याला वर जाब विचारणारा कोणी असतो. या वाटाड्याला जाब विचारण्याची सोय रस्त्याकाठच्या माणसाला अजून तरी पुरेशी मिळालेली नाही.

सोय नसली की माणसे आडमार्ग काढतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात टकोमा पार्क नावाचे गाव आहे. तेथील काही रहिवाशांनी स्वतःच्या गल्लीत अपघात झाल्याच्या खोट्या वार्ता 'वेझ'ला कळविण्यास सुरुवात केली, म्हणजे मोटारी दुसरीकडे वळतील! ही युक्ती फार टिकली नाही; दुसऱ्या प्रवाशांना रस्ता मोकळा दिसला की खोटेपणा उघडा पडे. खोटी वार्ता देणे वाईटच. सर्वांच्या विश्वासावर उभारलेल्या विहिरीत ते खडे टाकण्यासारखे आहे, आणि उद्या खरा अपघात झाला तर त्याचे फळ निरपराध माणसाला भोगावे लागेल. पण या लोकांना खरे गाऱ्हाणे सांगण्यासाठी यंत्रात जागाच नव्हती, हेही तितकेच खरे आहे. 'येथे अपघात झाला आहे' असे कळविण्याची कळ त्यात आहे; 'येथे मुले राहतात' असे कळविण्याची नाही.

तशी जागा करून देणे अशक्य मुळीच नाही. 'वेझ'ने २०१४ मध्ये शहरांच्या कारभाऱ्यांशी माहितीची देवघेव सुरू केली. रस्ता खोदलेला असला, मिरवणुकीमुळे बंद असला, तर नगरपालिकेने ते कळवावे. आणि कोठे वाहने तुंबतात ते कंपनीने नगरपालिकेला सांगावे, असा तो करार. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो हे त्यात आरंभीच सामील झालेल्या शहरांपैकी एक. हीच पद्धत ग्रामपंचायतीपर्यंत यावयास हवी. पूल पाण्याखाली गेल्याची नोंद ग्रामसेवकाने करावी आणि ती त्याच दिवशी नकाशावर उमटावी. शाळा सुटण्याच्या वेळी अमुक गल्लीतून परगावची वाहने नेऊ नयेत, असे नगरपालिकेने ठरवावे आणि नकाशाने ते मानावे. कंपन्यांना हे जड वाटण्याचे कारण नाही. ज्या लोकांच्या वार्तांवर त्यांचा सारा नकाशा उभा आहे, त्यांचेच हे म्हणणे आहे.

असे झाले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण लॉस एंजेलिस शहरात आहे. तेथील बॅक्स्टर मार्ग हा शहरातील अत्यंत चढाच्या रस्त्यांपैकी एक. शंभर फूट पुढे जाताना तो सुमारे बत्तीस फूट वर चढतो. माथ्याशी पोचेपर्यंत चालकाला पलीकडचे काहीच दिसत नाही. मोबाइलमधला वाटाड्या हमरस्त्याची गर्दी चुकवण्यासाठी तिकडे वाहने धाडू लागला. चढाची सवय नसलेले चालक मध्येच थांबत, पावसात गाड्या घसरत आणि लोकांच्या कुंपणांवर जाऊन आदळत. रहिवाशांनी खोट्या वार्ता पसरविल्या नाहीत, की रस्त्यात दगड मांडले नाहीत. त्यांनी गाऱ्हाणे नगरपालिकेपुढे नेले. २०१८ मध्ये नगरपालिकेने तो रस्ता एकेरी केला. चढ होता तेवढाच राहिला, परंतु 'एकेरी' हा शब्द नकाशाला कळतो. आणि समोरासमोरून येणाऱ्या मोटारींची त्या माथ्यावरची गाठ चुकली.